दुसऱ्याच्या देशाचा शर्ट

“तू चालशील. काळा आहेस. लांबून कुणाला कळतंय?”

साहेब एवढंच बोलला आणि हातातला शर्ट माझ्या अंगावर फेकला. मी झेलला नाही. खाली पडला.

“उचल.”

मी उचलला.

अबुधाबीकडच्या अल ऐनचं स्टेडियम. दुपारचे साडेतीन. पाच वाजता उद्घाटन. देशोदेशीचे खेळाडू आले होते. कुणी पळणारे, कुणी उड्या मारणारे, कुणी भाला फेकणारे. आणि त्यांच्यासाठी अडथळे मांडणारे, वाळू सपाट करणारे, शर्यतीआधी त्यांनी उतरवलेले कपडे टोपलीत घालून पलीकडे नेऊन ठेवणारे, ते आम्ही. कंत्राटदार कंपनीचे मजूर. राखाडी टी-शर्ट, पाठीवर ‘क्रू’ छापलेलं.

उद्घाटनाला प्रत्येक देशाने आपल्या नावाच्या पाटीमागून चालायचं होतं. एका देशाची माणसं तीनच होती. समुद्रातली सात लहान बेटं, तेवढाच देश. पळणारी एक मुलगी, भाला फेकणारा एक जण आणि त्यांच्या कोच बाई. वरून कुणीतरी साहेबाला म्हणालं, टीव्हीवर रिकामं दिसतं, प्रत्येक पाटीमागे निदान आठ माणसं हवीत. साहेबाने शारजातून त्या देशाच्या झेंड्याचे शर्ट छापून आणले. मग आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकाचं तोंड बघत गेला. नेपाळच्या दोघांना म्हणाला, “तुम नहीं. तुम गोरे हो.” पाच जण बाजूला काढले. तमिळनाडूचे दोघं, एक बिहारचा, एक तेलंगणाचा, आणि मी.

बाकीचे हसले. मीही हसलो.

ते हसणं मला अजून टोचतं. त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त.

साहेब मराठीच. पुण्याकडचा. शारजात अल मजाजला खाडीकाठच्या टॉवरमध्ये राहतो. मी कामावर लागलो त्या दिवशी खूश झाला होता. “अरे वा, आपला माणूस! नाव काय?” नाव सांगितलं. “पूर्ण सांग की.” आडनाव सांगितलं. “अच्छा,” तो म्हणाला.

हा ‘अच्छा’ ज्याने लहानपणापासून ऐकलाय त्यालाच कळतो. त्या दिवसापासून त्याचं मराठी माझ्यापुरतं फक्त हुकमाचं राहिलं. ऑफिसात बाकीच्यांना कपात चहा, मला कागदी ग्लासात. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. मी गाव सोडून इतक्या लांब आलो आणि आडनाव माझ्या आधी पोचलेलं होतं.

करणार काय? पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. “सेफ राहतो,” म्हणतात. मजुरांच्या कॅम्पमधून बसने स्टेडियम, स्टेडियममधून बसने कॅम्प. दोन वर्षं अल ऐनमध्ये होतो, पण शहर बघितलं ते बसच्या काचेतून. खजुराच्या बागा, गाड्या, पुन्हा गाड्या. उतरून कुठे जायचं तर पायी जाण्यासारखं काही नाही, आणि विचारल्याशिवाय जाण्यासारखं तर नाहीच.

शर्ट निळा होता. नवा. शाईचा वास येत होता. मी डोक्यातून घातला. तो गळ्यापाशी अडकला, आणि त्या अंधारात मला जिल्ह्याचं मैदान दिसलं.

नववीत होतो. आमची शाळा संस्थेची, संस्था गावातल्या मोठ्या घराची. आमची वस्ती ओढ्यापलीकडे. मी पळायचो. कुणी शिकवलं नव्हतं. शाळा लांब होती आणि उशीर झाला की छडी मिळायची, म्हणून पळायचो. जिल्ह्याच्या पंधराशे मीटरला शाळेने सेक्रेटरीच्या पुतण्याचं नाव दिलं होतं. त्याला आदल्या आठवड्यात कावीळ झाली. खेळाचे सर मला घेऊन गेले. एस.टी.त माझ्या शेजारी बसून म्हणाले, “आज तू तो. नाव विचारलं तर त्याचं सांगायचं. तुझं तोंडातून काढायचं नाही.”

मी पहिला आलो. माईकवर त्याचं नाव पुकारलं. मी त्याच्या नावाने पुढे गेलो, त्याच्या नावाचं प्रमाणपत्र घेतलं, आणि एस.टी.त बसल्यावर ते सरांना देऊन टाकलं. सोमवारी शाळेत सत्कार झाला. पुतण्या पिवळा पडलेला, उभं राहवत नव्हतं, तरी त्याच्या गळ्यात हार. सर मला म्हणाले, “कार्यक्रम संपला की खुर्च्या उचल.” मी उचलल्या. दहावीला त्याला खेळाचे वाढीव गुण मिळाले. मला गणितात पाच कमी पडले.

घरी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर पळालो नाही. उशीर झाला तरी चालतच जायचो. छडी खायचो.

शर्ट खाली ओढला. बिहारवाल्याने माझी कॉलर नीट केली. म्हणाला, “चल यार, दस मिनट का काम है.”

बरोबर होतं त्याचं. दहाच मिनिटांचं काम. जिल्ह्याचं तर पाच मिनिटांचंही नव्हतं.

स्टेडियमच्या खालून मैदानात जायला एक बोगदा आहे. तिथे सगळे देश आपापल्या पाट्या घेऊन ओळीने उभे होते. गाणी, फोटो, धक्काबुक्की. एकेका संघात शंभरेक माणसं. त्यात आम्ही पाच जण एका पाटीमागे उभे. पाटी धरणारी मुलगी कुठल्यातरी कॉलेजची. तिने आमच्याकडे वळूनही बघितलं नाही.

मग ती आली. पळणारी.

गर्दीतून वाट काढत येत होती. आम्हाला बघितलं आणि थबकली. शर्ट बघितले. आमचे चेहरे बघितले. आणि तिचं तोंड असं उजळलं की मी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तर बघत नाही ना. नाही. मलाच. ती धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि भराभरा बोलायला लागली. तिच्या भाषेत. एक शब्द कळत नव्हता. पण काहीतरी विचारत होती, एवढं कळत होतं. प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो. ती थांबली आणि माझ्या उत्तराची वाट बघू लागली.

मी म्हणालो, “नो मॅडम. इंडिया.”

तिला कळलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, “इंडिया. वर्कर.”

तिने हात सोडले. झटकले नाहीत. हळू सोडले. तेच वाईट होतं.

मागून भाला फेकणाऱ्याला घेऊन कोच बाई आल्या. थोराड बाई, तिकडे शाळेत शिकवतात. त्यांना मी ओळखत होतो. दोन दिवसांपूर्वी सरावाच्या वेळी मी अडथळे लावत होतो तेव्हा त्या सावलीला येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि सावकाश, मला कळेल अशा इंग्लिशमध्ये बोलल्या होत्या. त्यांच्या देशात पळायचा ट्रॅक नाही. मुलगी विमानतळावर पळते. विमान आठवड्यातून दोनदा येतं, बाकीचे दिवस रस्ता मोकळा. पण तो सरळ. त्यामुळे इथलं वळण तिला जमत नाही, वळणावर तिचा पाय बाहेर जातो. एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं होतं. इथे आल्यापासून कुणी माझ्याशी एवढा वेळ कामाशिवाय बोललं नव्हतं.

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. शर्टाकडे बघितलं. “यू आर द हर्डल मॅन,” त्या म्हणाल्या.

माझी मान खाली गेली.

त्यांनीच मग सांगितलं. त्यांच्या बेटांवरची पुष्कळ माणसं जहाजांवर नोकरी करतात. मुलीचा सख्खा भाऊसुद्धा. तीन वर्षं घरी आलेला नाही. तिला वाटलं, इथल्या कुठल्यातरी बंदरात त्यांचं जहाज लागलं असणार, आणि जहाजावरची माणसं आपल्याला बघायला आली. ती मला विचारत होती, तुम्ही कुठल्या बेटावरचे?

मुलगी जवळ आली. माझ्या छातीवरच्या झेंड्याला बोट लावून तारे मोजायला लागली. वन, टू, थ्री. सहापर्यंत आली आणि थांबली. पुन्हा मोजले. सहाच. एकेका बेटाचा एक तारा, सात हवेत. छापणाऱ्याने एक गाळला होता.

“वन इज नॉट हियर,” ती म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

मागे साहेब मोठ्याने हसला. तो कधी येऊन उभा राहिला होता मला माहीत नाही. “अरे, एक कमी-जास्त, कोण मोजतंय? यल्ला यल्ला, लाइन धरा.”

मोजत होती की ती. त्याच्या समोर उभी राहून मोजत होती.

त्या क्षणी मला जे कळलं ते साधं होतं. नववीत मला वाटलं होतं, चोरी माझी झाली. खरं होतं. पण इथे चोरी तिची होत होती, आणि ती करायला मला आणलं होतं. सेक्रेटरीच्या पुतण्याच्या जागी मी उभा होतो. तो तरी आजारी होता. मला काय झालं होतं?

मी शर्ट काढला.

आत नुसता बनियन, घामाने चिकटलेला. आजूबाजूचे बघायला लागले. मी शर्टाची नीट घडी केली आणि कोच बाईंच्या हातात दिली. “सॉरी मॅडम,” म्हणालो. त्यांनी शर्ट घेतला.

“ए! काय चाललंय? घाल!” साहेब ओरडला.

“नाही घालणार.”

“काय?”

“मी त्यांच्या देशाचा नाही. नाही घालणार.”

तो जवळ आला. आवाज खाली आणला. मराठीत, फक्त मला ऐकू येईल असा. “तुमच्या लोकांना जरा कुठे उभं केलं की माज येतो.”

तुमच्या लोकांना. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंडाने बोलला. मला बरंच वाटलं. आतापर्यंत त्या कागदी ग्लासाशी कसं भांडायचं ते कळत नव्हतं.

“हो, आमच्या लोकांना,” मी म्हणालो. “अजून मोठ्याने बोला. सगळ्यांना ऐकू द्या.”

तो मागे सरला. वॉकी-टॉकीवर सिक्युरिटीला बोलावलं. बाकीच्या चौघांनी शर्ट काढले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचेही पासपोर्ट त्याच कपाटात आहेत. पण कोच बाईच पुढे झाल्या. पाटीवाल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “थ्री. वुई आर थ्री.” आणि तिघं चालायला लागले. ते चौघं बोगद्यातच राहिले, शर्ट घालून, कुठे बघावं ते न कळून.

मैदानात काय झालं ते मी बघितलं नाही. सिक्युरिटीने मला मागच्या दाराने नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खोर फक्कानच्या गोदामात पाठवलं. कंटेनरमधून खोकी उतरवायची. इथली खोली आठ जणांची, खिडकी एक, ती उघडत नाही. मागे डोंगर, पुढे बंदराचं कुंपण. अल ऐनला निदान काचेतून शहर दिसायचं.

कंपनीच्या बसचे ड्रायव्हर सलीमचाचा, रत्नागिरीकडचे, तेवीस वर्षं इथे. त्यांनी फोन करून सांगितलं, ती मुलगी शर्यतीत पळाली. आठ जणींत सातवी आली. पुढच्या फेरीत नाही. “पण वळण बरोबर घेतलंन हां,” चाचा म्हणाले. ते तिथे उभे राहून बघत होते.

काल साहेब आला. सोबत एक कागद, इंग्लिशमध्ये टाइप केलेला. खोक्यावर बसला आणि माझ्या नावाने त्यात काय लिहिलंय ते स्वतः मराठीत वाचून दाखवलं, एकदम गोड आवाजात. “उन्हामुळे मला चक्कर आली होती. मी भानावर नव्हतो. त्या अवस्थेत माझ्याकडून चूक झाली. एवढंच आहे बघ. कोच बाईने कंप्लेंट केलीय, फाइलला लावायला काहीतरी लागतं. सही कर आणि पुढच्या महिन्यात सुट्टीवर जा. नाहीतर व्हिसा कॅन्सल. खलास. उद्या सकाळी माणूस येईल, त्याच्याकडे दे.”

चाचांना फोन केला. “अरे बाबा, कागदच तो. सही कर नि घरी जाऊन ये,” ते म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, “मी असतो तर केली असती. म्हणून तर तेवीस वर्षं झाली.”

आईला फोन केला. सगळं सांगितलं, नववीपासूनचं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चक्कर आली व्हती का तुला?”

“नाही.”

“मग तसं कसं लिहून देतूस?”

आज सकाळी तो माणूस आला. मी कागद त्याच्या हातात दिला. सहीची जागा कोरी. वरच्या तिन्ही वाक्यांवर मी पेनाने आडवी रेघ मारली होती, आणि मागच्या बाजूला जे घडलं ते मराठीत लिहिलं होतं. कोण काय बोललं, कोणत्या शब्दांत. खाली माझं नाव, आडनावासकट. साहेबाला मराठी वाचता येतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवलाय, तो कोच बाईंपर्यंत पोचवायचं चाचांनी कबूल केलंय. त्या माणसाला मी सांगितलं, माझा पासपोर्ट पाठवून द्या. नाही दिलात तर मी लेबर ऑफिसला जाऊन मागेन.

“पागल हो गया है क्या?” तो म्हणाला.

उद्या काय होईल मला माहीत नाही. व्हिसा जाईल बहुतेक. गावी परत गेलो तर तिथेही तीच संस्था आहे, तोच ओढा आहे. पण कुणीही विचारू दे, इथे नाहीतर तिथे, मी एकच सांगणार. मला चक्कर आली नव्हती. मी पूर्ण भानावर होतो.