किल्लीकाकांचा नवा राउटर

आमच्या मजल्यावर किल्लीकाका राहतात. चाळीस वर्षं त्यांनी कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं, सवय काही सुटली नाही. त्यांच्या घरी चमच्यांच्या खणालासुद्धा कुलूप आहे. नवीन घर घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच सल्ला असतो, "बिल्डरने दिलेलं कुलूप पहिल्याच दिवशी काढून टाका. फुकट मिळालेलं कुलूप म्हणजे नुसती शोभा."

आणि हाच माणूस इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेला राउटर सहा वर्षं निमूटपणे वापरत होता! तो असायचा बाहेरच्या दारामागे, चपलांच्या रॅकवर, आणि काकूंचा शिवणाचा ऑनलाइन वर्ग भरायचा अगदी आतल्या खोलीत. मधे तीन भिंती. काकूंचा सुई धरलेला हात वर जायचा आणि पडद्यावर तिथेच थिजायचा. पुन्हा हलेपर्यंत टाका घालून झालेला असायचा. वर्गातल्या अकरा जणांपैकी चारच उरले होते.

काकांना सांगावं तर म्हणायचे, "कंपनीने दिलाय म्हणजे विचार करूनच दिला असेल ना!" एरवी हा माणूस सख्ख्या भावावर विश्वास ठेवणार नाही. मला हसावं की चिडावं तेच कळेना.

एका मंगळवारी काकूंनी जाहीर केलं, "शनिवारी काजं शिकवायची आहेत. त्यात एकेक टाका दिसायला हवा. नाही दिसला तर मी वर्ग बंद करणार."

आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच काका घाबरले.

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. फुकटचं कुलूप बदला म्हणून जगाला सांगत फिरता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

काका तडक बाजारात जाऊन नवा राउटर घेऊन आले. कंपनीला फोन करून युजरनेम, पासवर्ड मिळवला आणि जोडायला मला हाक मारली. लांब वायर ओढून आम्ही तो बैठकीच्या खोलीत, घराच्या मधोमध ठेवला. आतल्या खोलीत चित्र लख्ख दिसू लागलं. मी चहा घेऊन मोठ्या ऐटीत घरी आले.

शुक्रवारी सकाळी काकू दारात. चेहरा उतरलेला. "पहिल्यापेक्षा वाईट झालंय गं. उद्या वर्ग आहे."

जाऊन बघते तर काका फोन स्पीकरवर ठेवून राउटरवाल्या दुकानदाराला झापत होते. त्याने शांतपणे विचारलं, "काका, ठेवलाय कुठे?"

"कपाटात."

"कसल्या कपाटात?"

"लोखंडी. एवढी महाग वस्तू, उघड्यावर ठेवू? मागून भोक पाडून वायर आत घेतलीय, वर कुलूप लावलंय."

 तो म्हणाला, "काका, आधी त्याला बाहेर काढा. लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाही."

काकांनी कुलूप काढलं. राउटर पुस्तकांच्या फळीवर ठेवताना त्यांचा जीव तुटत होता. काकूंनी कपाटाच्या पाठीला पडलेलं भोक पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

शनिवारी मीही वर्गाला जाऊन बसले. तासभरात चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटी चौघांतल्या एका आजोबांनी, पूर्वी ते बस चालवायचे, आपलं काज कॅमेऱ्यासमोर धरलं. इतके महिने काकूंना त्यांच्या कापडाचा नुसता रंग दिसायचा, म्हणून त्या "छान, छान" म्हणून पुढे जायच्या. आज त्या चष्मा सावरून पुढे वाकल्या.

"अहो, हे काय? एक टाका मोठा, एक छोटा. उसवा ते सगळं!"

मी मनात म्हटलं, चारातला एक गेला म्हणून समजा.

आजोबा मात्र खुलले. "बाई, आज पहिल्यांदा रागावलात मला! मला वाटायचं, म्हातारा म्हणून सोडून देता." मग ते "थांबा हं" म्हणत उठले आणि इतक्या महिन्यांत शिवलेलं सगळं गाठोडं बांधून घेऊन आले.

काकूंनी त्यातलं एकूण एक उसवायला लावलं. वर्ग सुटेपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली होती.