तितरांआधी पोहे

मी पदवीधर झालो तो कदम सरांमुळे. शाळेत ते आधी "जेवलास का?" विचारत, मग गणित शिकवत.

यंदा हिवाळ्यात कात्रजच्या टेकडीवर एक आजोबा रोज सकाळी रानातल्या तितरांना बाजरी टाकताना दिसले. मी कौतुकानं म्हणालो, "आमच्या गावी यांचा रस्सा झकास होतो."

त्यांनी पिशवी छातीशी धरली. "आपण उद्यापासून येऊ नका."

मला तितरं नुसती बघायची होती, म्हणून मी गेलोच. त्यांनी लांबूनच हात आडवा केला. "अहो, नाश्ता झालाय?"

"नाही."

"मग आधी हे खा." डब्यातले पोहे संपेपर्यंत त्यांनी मला पुढे सोडलं नाही. आता रोज असंच चालतं.

काल सरांना पत्र लिहिलं: "सर, पुण्यातही आधी खाऊ घालणारे एक जण भेटलेत. फक्त त्यांना काळजी तितरांची आहे."