चौकात टांगलेलं नाव

सर गेले तेव्हा मी पुण्यात होतो. त्यांच्या लेकीचा फोन दुपारी आला, ‘काका, अब्बा सकाळी गेले,’ आणि मी इकडं पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. त्यांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. पुरवणीच्या संपादकांनी फोटोही मागितला, तोही दिला नाही. एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांचा एकदा घात केलाय, दुसऱ्यांदा करायचा नाही.

सर आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. बोलणं मात्र मराठवाडी, मधूनच दखनी. छंद जगावेगळा. कीर्ती, नावलौकिक, मोठेपण यांसाठी इंग्रजीत जेवढे शब्द आहेत त्यांचे जुने वापर ते गोळा करायचे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, बारीक अक्षरात. ‘नोटोरियस’ हा एके काळी नुसता सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस. ‘एग्रीजियस’ म्हणजे कळपातून उठून दिसणारा. कौतुकाचा शब्द, तो पुढं नासला. आणि ‘फेम’ म्हणजे मुळात लोकांच्या तोंडची वदंता. जुन्या इंग्रजी कज्ज्यांत तेवढ्यावरसुद्धा माणसावर आरोप ठेवत. मला हा सगळा रिकामपणचा उद्योग वाटायचा. तरी मी म्हणायचो, ‘सर, याचं पुस्तक करा की.’ ते पानाला चुना लावत म्हणायचे, ‘पुस्तकावर नाव घालावं लागतं.’

कारण त्यांनी एकदाच सांगितलं, हर्सूलच्या तळ्यावर फिरताना. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. सोयगावकडच्या त्यांच्या खेड्यात बंदुका घेऊन काही लोक आले. कुठले, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ‘गावात मोठा माणूस कोण?’ एवढंच त्यांनी विचारलं. सरांचे थोरले भाऊ लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, भांडणं मिटवायचे. गावानं मोठ्या मानानं त्यांचंच नाव सांगितलं... ‘दुश्मनी नव्हती कुणाची,’ सर म्हणाले. ‘लई मानायचे भाईजानला. म्हणून तर सांगितलं.’ भाऊ चहा टाकायला सांगून बाहेर गेले, ते परत आले नाहीत.

हे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. कुणाच्या तरी गळ्यात हार घातल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही माझी जुनी खोड. सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही माजी विद्यार्थ्यांनी त्यांना न सांगता सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि त्यांच्या घरासमोरच्या चौकात हातभर अक्षरांत त्यांचं नाव रंगवलेलं कापड. सकाळी सर दूध आणायला निघाले आणि कापडाखाली थबकले. खूश होतील म्हणून मी पुढं धावलो. त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. ‘नाव टांगलंस व्हय रे माझं?’ आवाज इतका बारीक की मला वाकून ऐकावं लागलं. ‘उतरव. आत्ताच.’

आम्ही तो विनय समजलो. कापड संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. सभागृहात रिकाम्या खुर्चीवर शाल घालून आम्ही झकास भाषणं ठोकली, आणि तिकडं सर आतून कडी लावून बसले होते. त्यानंतर त्यांनी एकाही पत्रिकेवर काही लिहिलं नाही. माझ्याशी बोलत राहिले, पण हवापाण्याचं. मला ते अजून सलतं, आणि सलायलाच हवं.

गेल्या शुक्रवारी फुलं घेऊन कब्रस्तानात गेलो. त्यांच्या घरच्या बायका तिथं जात नाहीत, म्हणून लेक बरोबर नव्हती. कबरीवर पाटी लावायची नाही, असं सरांनी तिला बजावून ठेवलं होतं. ताज्या मातीच्या तीन कबरी होत्या, तिन्ही सारख्या. राखणदार जवळ आला. ‘किसकी देखनी है साहब? नाव सांगा, दाखवतो.’

नाव ओठांशी आलं... आजूबाजूला पाच-सहा अनोळखी माणसं उभी होती. ‘राहू द्या,’ मी म्हणालो. तिन्ही कबरींवर थोडी थोडी फुलं ठेवली आणि निघालो.