केसपेपरवर न लिहिलेला गांजा

माझ्या मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला तेव्हा तो गांजा ओढत होता, हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. सुनेनं सांगितलं म्हणून म्हणाले, पण जीभ माझीच होती.

मुलगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होता. कपडे धुताना त्याच्या खिशात मला दोनदा पुडी सापडली. विचारलं तर म्हणाला, "दारूपेक्षा बरं हाय, आई." त्याचा बाप दारू पिऊन मारायचा, हा मारत नव्हता. एवढ्यावर मी समाधान मानलं.

मग त्यानं घरातल्या स्विचबोर्डांच्या भोकांवर काळी चिकटपट्टी लावली. त्यातून सुपरवायझर ऐकतो म्हणे, रात्री बोलतोही. माझ्या हातचं खाणं सोडलं. वडापाव आणला तरी पहिला घास मला खायला लावायचा. दोन महिने हे चाललं. एके दिवशी कंपनीच्या गेटवर त्यानं वॉचमनचा गळा धरला, तेव्हा आम्ही त्याला पिंपरीच्या दवाखान्यात नेलं.

सून तळवड्याला कोडिंगचं काम करते. परदेशातल्या पेशंटचे कागद कॉम्प्युटरवर वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला नंबर लावायचा. तो नंबर बघून तिकडचा विमा पैसे देतो किंवा नाकारतो. दवाखान्याच्या बाकावर ती मला म्हणाली, "आई, नशेचं विचारतील. नाही म्हणा."

"का म्हणून?"

"एकदा फाइलला लागलं की सुटत नाही. विमा मिळणार नाही. कंपनीला कळलं तर यांना काढतील. मी रोज हेच बघते."

"आणि तिकडं कुणी खोटं सांगितलं तर कळतं का तुला?"

"मला कसं कळणार? लिहिलंय तेवढंच मी बघते."

डॉक्टर तरुण होते. दारू, तंबाखू, गांजा, एकेक नाव घेऊन विचारत होते. मी म्हणाले, "सुपारीचं खांडसुद्धा खात न्हाई." लघवी तपासायची का, असं त्यांनी विचारलं. सून म्हणाली, "घरचेच सांगतायत ना, सर." त्यांनी लिहून घेतलं.

घरी सोडताना कागद मिळाला. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे वीस होतं. सुनेनं ते बघितलं आणि जिन्यातच बसली.

"काय झालं?"

"हा लवकर न जाणारा आजार आहे, आई. गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. गांजाचा नंबर वेगळा असतो. बारा."

"मग जा आत आणि सांग."

"आता? विम्याचे कागद गेलेत."

मी तिचा दंड धरून तिला आत नेऊ शकले असते. नेलं नाही. त्याची नोकरी मलाही टिकायला हवी होती.

गोळ्यांनी तो सुस्त झाला, जाडही झाला. कामावर परत गेला आणि परत ओढू लागला. डॉक्टरांनी त्याला गांजा सोड असं कधी म्हटलंच नाही, कारण त्यांच्या लेखी तो गांजा ओढतच नव्हता. पाच महिन्यांनी त्याला वाटलं, बायकोच सुपरवायझरला बातम्या पुरवते. ती मोबाइल घेऊन मोरीकडे चालली होती. त्यानं दार तिच्या हातावर लोटलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली.

त्याला परत दवाखान्यात नेलं, तेव्हा मी कुणाला विचारलं नाही. डॉक्टरांसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तो गांजा ओढतो. तीन-चार वर्षं. मागच्या खेपेला मी खोटं बोलले."

सून प्लॅस्टरकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजी, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना. आता कुठलं कशामुळे झालं ते सांगणं अवघड आहे."

"मग करायचं काय?"

"गांजा पूर्ण बंद ठेवायचा. त्याला ऐकू येणारे आवाज गेले तर गांजाचाच आजार म्हणायचा. गांजा सुटूनही राहिले, तर पहिलं निदानच खरं."

नव्या कागदावर बारा आला. विमा नाकारला गेला. कंपनीला कळलं आणि त्याला काढलं. सुनेचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. ती मला एवढंच म्हणाली, "झालं समाधान?" पुढे महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला राग आला नाही. एका हातानं कणीक मळणाऱ्या बाईला गोड बोलायला सांगण्याइतकी मी मूर्ख नाही.

मी त्याच्यावर पाळत ठेवली. खिसे, गच्ची, मित्र, सगळं बघत होते. त्यानंही खरंच सोडला. तीनदा लघवी तपासली, तिन्ही वेळा साफ निघाली. सून थोडी हसायला लागली. "बारावरच राहू दे देवा," असं ती गॅसपाशी पुटपुटलेली मी ऐकलं.

चौथ्या महिन्यात मी आणि मुलगा मटार सोलत बसलो होतो. तो मध्येच भिंतीकडे वळून हळूच म्हणाला, "थांब ना, सांगतो." भिंतीपलीकडची खोली रिकामी आहे. नंतरही मी दोनदा तसं ऐकलं. सुनेला सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला विचारलं, "आवाज?"

"न्हाई सर. एकदम ओके."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आशा होती आणि ती मला बघवत नव्हती.

"येतात," मी म्हणाले. "तीनदा ऐकलं मी. गांजा न घेता."

डॉक्टरांनी तारखा विचारल्या. मला आठवत होत्या, त्या सांगितल्या. त्यांनी लिहिलं आणि गोळी वाढवली.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "तू कशाला बोललीस? मी सांभाळलं असतं ना."

"कुणाला, त्या भिंतीला?"

तो थोडा हसला. सून पुढे चालत होती. गोळ्यांच्या दुकानासमोर ती थांबली आणि वळून मला म्हणाली, "आई, वाढवलेल्या गोळीचं नाव नीट बघून घ्या. सकाळी मी नसते, तुम्हालाच द्यायची आहे."