गुरू काय म्हणतो

आमच्या कॉलेजच्या वेधशाळेची उद्दिष्टं मीच लिहिली होती. विश्वाची उत्पत्ती शोधणे, वगैरे. प्राचार्यांना ‘विश्व’ हा शब्द फार आवडतो. प्रत्यक्षात वेधशाळा म्हणजे डोंगरकडा गावी काकांच्या शेतात बांबूंवर ताणलेल्या तांब्याच्या तारा, दोन अँटेना. लांब लांब उभ्या करून केबलने जोडल्या की लहर आकाशात कुठून आली, ते एकट्या अँटेनापेक्षा बरंच नेमकं कळतं. विश्वाची उत्पत्ती राहू द्या, गुरू ग्रहाच्या रेडिओलहरी पकडल्या असत्या तरी मी गावभर पेढे वाटले असते.

काकांनी जागा फुकट दिली तीही गुरूमुळेच. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि जवळा बाजारचं स्थळ घाई करत होतं. गुरुबळ आहे का, हे ज्योतिषाला विचारण्यापेक्षा थेट गुरूलाच विचारावं, असा काकांचा बेत. मी पुन्हा पुन्हा समजावलं. पण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला घरात कोण विचारतो?

दिवेलागणीला यंत्र सुरू केलं. खरखरीतून ठोके येऊ लागले. टक्, टक्, टक्. मी हरखलोच. काकांनी टोपी सारखी केली आणि हात जोडले.

“व्हय म्हणून राहिला,” ते म्हणाले. “पाव्हण्याला कळवून टाकतो.” त्यांनी मोबाइल काढला.

बहीण धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे गेली. रोही, म्हणजे नीलगायी, पिकात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं मशीन तिथे होतं. तिनं ते बंद केलं. ठोकेही बंद झाले. उरली नुसती खरखर. मला इतकी लाज वाटली की सांगायची सोय नाही.

“आता काय म्हणतो?” काकांनी मला विचारलं.

गुरू ‘नको’ म्हणतोय, असं ठोकून द्यायचा फार मोह झाला. पोरीचं शिक्षण तरी वाचलं असतं.

“काहीच म्हणत न्हाई, काका.”

“काहून?”

तेवढ्यात बहीण परत आली. “बाबा, तितक्या लांबच्याचं ऐकायला तुमी शेतात तारा बांधू दिल्या. मी तर घरातच राहते. मला कोणी इचारलं न्हाई.”

काकांनी मोबाइल खिशात ठेवला. मग ते तिथेच खाली बसले.

“बरं, सांग,” म्हणाले.

मी यंत्र बंद केलं.