पुन्हा धुवायला आणलेले शर्ट

"अहो, हे शर्ट पुन्हा धुऊन द्या. तुम्ही हात लावू नका. दुसऱ्या कुणाकडून धुऊन घ्या."

चर्चमधल्या साहेबांनी गठ्ठा माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. पांढरे शर्ट. आदल्या दिवशीच मी धुऊन, इस्त्री करून दिलेले. घडीसुद्धा मोडली नव्हती.

सोसायटीतल्या एक काकू साडी न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, डाग राहिला का? साहेब म्हणाले, "डाग कपड्यावर असता तर बरं झालं असतं." मग, यांना बाई आवडत नाही, पुरुष आवडतात, असं त्यांनी माझ्याबद्दल काकूंना सांगितलं. अगदी सभ्य भाषेत. काकूंनी साडी उचलली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. माझी मान खाली गेली.

साहेबांच्या मागे दोन तरुण उभे होते. शर्ट त्यांचेच. एकाची नजर जमिनीवर होती. तो माझा होता.

माझा म्हणतो, कारण मनात तसंच म्हणायचो. मी यवतमाळकडचा. वाघोलीत एका गल्लीत माझं इस्त्रीचं दुकान. ते दोघे समोरच्या इमारतीत भाड्यानं राहायचे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पाटी, पाटीवर आडनावाआधी एल्डर, ही त्यांच्यातली मिशनरीची पदवी. वय बावीस-तेवीस, माझ्याहून थोडं कमी. घर सोडून धर्माच्या कामाला आलेले. काम संपेपर्यंत प्रेमात पडायचं नाही आणि एकट्यानं कुठं जायचं नाही. कायम जोडी. एक आत आला की दुसरा दाराशी उभा.

माझा आंध्रातला होता. पहिल्या दिवशी मी चहा मागवला तर म्हणाला, आमच्या धर्मात चालत नाही. दुसऱ्या खेपेपासून मी लिंबू सरबत करून ठेवायला लागलो. तो माझा हात दोन्ही हातांत घ्यायचा. आईचा गुडघा कसा आहे विचारायचा. पुण्यात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. फोनवरच्या ॲपवरून जे पुरुष भेटले त्यांनी तर नावही विचारलं नव्हतं.

आवडायचा तो मला. सरळ सांगतो. त्याचे शर्ट मी शेवटी घ्यायचो, घाई नको म्हणून. बाहीवर पाणी मारून इस्त्री फिरवताना त्याचा हात आठवायचा.

मी एकटाच असा वेडा नव्हतो. कोथरूडचा माझा एक मित्र, तोही आमच्यातलाच. म्हणाला, अरे, मीही जायचो त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला, तेवढ्यासाठीच. देखणी माणसं, हाताला न लागणारी, आणि समोर बसून तुमचं सगळं ऐकून घेणारी. आम्हाला ऐकून घेणारं कोण असतं? फसलो आम्ही तिथं. आपुलकीनं वागणं हे त्यांचं व्रतच होतं. ते सगळ्यांशी तसंच वागायचे. आम्हाला वाटलं, आपल्याशीच.

मी रविवारी त्यांच्या हॉलवर, म्हणजे चर्चला, जायला लागलो. साहेब तिथले मोठे. निवृत्त अधिकारी, मोठा फ्लॅट, शब्दाला वजन. तेही आधी प्रेमानं खुर्ची ओढून द्यायचे. पुढं बाप्तिस्मा घ्यायचं, म्हणजे पाण्यात बुडून त्यांच्या धर्मात जायचं, ठरलं. त्याआधी शिकवलं की काही लपवायचं नाही, खरं सांगायचं. मला ते खरं वाटलं.

एके रविवारी शिकवणीचा वर्ग संपल्यावर त्याचा जोडीदार खुर्च्या लावत होता. मी माझ्याला हळू आवाजात सांगितलं की मला पुरुष आवडतात. तूही आवडतोस. मला काही नको, तुला ठाऊक असावं एवढंच. त्याचे कान लाल झाले. पण हात नेहमीसारखाच दोन्ही हातांत घेतला. त्या दिवशी मी घरी चालत गेलो. इतका आनंद मला पुण्यात कधी झाला नव्हता.

आणि मग हा गठ्ठा.

टेबलासमोर उभा असताना मला आई आठवली. गावी ती इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायची. एका घरात त्या कपड्यांवर पाणी शिंपडून मगच ते आत घ्यायचे. तिच्या देखत. ती बाहेर उभी राहून बघायची आणि घरी येऊन हसत सांगायची. मला वाटायचं, ते सगळं गावातच राहिलं. साहेबांच्या धर्मात असलं काही नाही, हे मला त्यांच्याच हॉलमध्ये शिकवलं होतं. तरी पाणी माझ्यापर्यंत आलंच.

मी म्हटलं, "शर्ट स्वच्छ आहेत. मी धुणार नाही. कुणाकडून धुऊन देणार नाही."

माझा आवाज निघाला.  आईचा कधी निघाला नव्हता. साहेब म्हणाले, "ठीक आहे, राहू द्या मग तुमच्याकडेच," आणि गेले. ते दोघेही मागोमाग गेले.

संध्याकाळी दोघे शर्ट न्यायला आले. जोडीदार दाराबाहेर थांबला, त्यानं मुद्दाम पाठ केली. माझा आत आला. म्हणाला, "मैंने ही बताया उनको. डर लगा."

"मेरा?"

"नहीं," तो म्हणाला. "अपना."

 मी गठ्ठा पुढं केला. त्यानं तो छातीशी धरला, माझा हात मात्र धरला नाही. थोड्याच दिवसांत त्याची बदली झाली. कुठं, ते मी विचारलं नाही. सांगितलं नसतंच. मी खूप रडलो. अजूनही पांढरा शर्ट टेबलावर पसरला की आत काहीतरी तुटतं. ते जाईल असं मला वाटत नाही.

त्याच्यावर राग नाही. त्याला जन्मभर स्वतःलाच घाबरायचंय, ते माझ्यापेक्षा वाईट. साहेबांवर आहे, आणि तो मी सोडणार नाही. हॉलवर परत गेलो नाही. बाप्तिस्मा घेतला नाही. मला कुणी पाण्यात बुडवून स्वच्छ करावं असं मी काही केलेलं नाही.

परवा नवी जोडी आली. तीच काळी पाटी, तसंच हसू. एकानं शर्टांची पिशवी टेबलावर ठेवली आणि हात पुढं केला. मी हात मिळवला नाही. सोसायटीतल्या त्याच काकू मागे उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"मला पुरुष आवडतात. ह्याच हातांनी इस्त्री होईल. चालत असेल तर पिशवी ठेवा."

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी वाट बघत उभा राहिलो. या वेळी मान खाली घालायची पाळी माझी नव्हती.