थोरल्या दिराची उलटतपासणी

बनुबाई बोलायला लागली की पाणवठ्यावरच्या बायांना घागर उचलायचं भान राहत नसे. पण थोरला दीर रंगनाथ याचा फेटा लांबून जरी दिसला, तरी तिच्या तोंडाला कुलूप लागे. थोरल्या दिरापुढं घरच्या सुनेनं बोलायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मधे नवरा वारला, चूल वेगळी झाली, तरी तिनं रीत पाळली होती.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात, एका धुक्याच्या सकाळी, बांधावर रंगनाथच्या कपाळात कुणीतरी दगड घातला. त्यानं पोलिसांना बेलाशक बनुबाईचं नाव सांगितलं. बाई आत गेली की तिचं रान याच्या नांगराखाली येणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

खटला पारनेरच्या कोर्टात उभा राहिला. तिचा भाऊ म्हणाला, वकील लाव. बनुबाईनं साफ झिडकारलं. "मी केलंच न्हाई, तर दुसऱ्याला कशाला बोलाया लावू?"

रंगनाथनं पिंजऱ्यात उभं राहून साक्ष दिली. "धुकं लई हुतं, साहेब. तोंड दिसलं न्हाई. पर शिव्या दिल्या त्यो आवाज हिचाच. पक्का वळखला."

मॅजिस्ट्रेट साहेब बनुबाईकडे वळले. "बाई, वकील नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा."

"मी? त्यास्नी?" तिनं पदर ओढून दिराकडे चक्क पाठ केली. "तुमीच इचारा, साहेब."

दुसरा असता तर खेकसला असता. हा माणूस भला निघाला. "बरं, मला सांगा. मी विचारतो."

"इचारा, मी घराण्याची रीत कधी मोडली का?"

साहेबांनी विचारलं. रंगनाथची छाती फुगली. "कधीच न्हाई! आमचं घरानं तसलं न्हाई, साहेब. पंधरा वर्सांत हिचा एक शब्द माझ्या कानावर पडल्याला न्हाई."

बनुबाई गर्रकन वळली. दिराच्या डोळ्याला डोळा भिडवून आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"मग आवाज वळखला कसा?"

सगळं कोर्ट खो खो हसलं. पट्टेवाल्यानं गप्प बसा म्हणून हाक दिली खरी, पण त्याचं त्यालाच हसू आवरेना. रंगनाथ फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसत राहिला. आणि बनुबाईला इतका आनंद झाला, की आपण आरोपी आहोत हेसुद्धा ती घटकाभर विसरून गेली.

"आणखी काही विचारायचंय?" साहेबांनी विचारलं.

"लई हाय, साहेब. पंधरा वर्सांचं साठलंय."

"ते घरी विचारा."

पुढच्या तारखेला ती निर्दोष सुटली. साहेबांचं बोलणं तिनं हुकूमच मानलं. त्याच संध्याकाळी रंगनाथच्या ओसरीवर जाऊन ती ऐसपैस बसली आणि पहिला प्रश्न टाकला, "सामायिक हिरीवरची माझी पाळी तुमी का वं खाता?"

रंगनाथनं बायकोकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. सोडवायला कुणी आलं नाही. शेवटी खाकरून म्हणाला, "परवापासून घे तू पानी."

परवा सकाळी पाणी तिच्या वाफ्यात होतं, आणि बनुबाई पुढचा प्रश्न घेऊन ओसरीवर.